टाय कॉब खरंच ८१ टक्के वेळा यशस्वी ठरला का? न नोंदवलेल्या आकड्यांचा अंदाज बांधताना

प्रश्न थोडक्यात असा: बेसबॉलमधला दिग्गज टाय कॉब याच्या कारकिर्दीच्या तक्त्यात चोरलेले बेस ८९७ आणि चोरताना बाद २१२ असे आकडे दिसतात. एकूण प्रयत्न ११०९, म्हणजे यशाचं प्रमाण जवळजवळ ८१ टक्के. काही तक्त्यांत त्याचे स्ट्राइकआउटही फक्त ३५७ दिसतात. हे आकडे अपुरे आहेत असं कुठेतरी वाचलं. मग पुरे आकडे काढायचे कसे, आणि माझ्या तक्त्यात लिहायचं काय? शिवाय हीच रीत वापरून जॉश गिब्सनचे ८०० होमरन सिद्ध करता येतील का?

८१ टक्के चूक आहे, पण भागाकार तुमचा बरोबर आहे. गडबड त्याच्या आधीच झाली आहे. ८९७ हा चोवीस हंगामांचा आकडा आहे आणि २१२ हा तेरा हंगामांचा. उरलेल्या अकरा हंगामांत कॉब एकदाही पकडला गेला नाही असं न बोलता मान्य केलं, तरच ८१ येतात. माझ्या हिशेबाने खरं प्रमाण ६४ ते ७० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असावं. एकच आकडा मागितलात तर ६७ म्हणेन. तो कसा आला ते सविस्तर लिहितो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या खेळाडूसाठीही तीच रीत वापरता येईल.

माझं पोटापाण्याचं काम आरोग्य सर्वेक्षणांतल्या रिकाम्या रकान्यांचं आहे. उत्तर न दिलेल्या घरांविषयी काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे ठरवण्यात बरीच वर्षं गेली. जुने बेसबॉलचे कागद हा नंतर जडलेला छंद. दोन्हीकडे पहिला धडा एकच निघाला, आणि तो मी स्वतः तोंडावर आपटून शिकलो: रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. एकदा कॉबचेच आकडे एक्सेलमध्ये भरताना मी रिकाम्या घरांत सवयीने शून्यं टाकली आणि वर्षांची सरासरी काढली. तीन दिवस त्या सरासरीवर आलेख काढत बसलो होतो. आलेख सुबक आला होता, हीच त्यातली वाईट गोष्ट.

क्रिकेटवाल्यांना हे नवं वाटू नये. भाऊसाहेब निंबाळकरांची पुण्यातली १९४८ सालची नाबाद ४४३ ही खेळी घ्या. ४९४ मिनिटं माहीत आहेत. स्ट्राइक रेट विचारला की मात्र आपण मिनिटांवरून चेंडू मोजायला बसतो, म्हणजे षटकं किती वेगाने टाकली जायची आणि समोरच्या बाजूला किती चेंडू गेले याचा अंदाज करतो. मिनिटं लिहून ठेवणाऱ्याला चेंडू लिहावेसे वाटले नाहीत, कारण तेव्हा तो प्रश्न कोणी विचारत नव्हतं. कॉबच्या बाबतीत हेच झालं आहे.

ज्यांना बेसबॉल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बेस म्हणजे मैदानावरचे चार थांबे, चारही गाठले की धाव. पिचरने, म्हणजे इथल्या गोलंदाजाने, चेंडू टाकायच्या सुमारास बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे धूम ठोकतो. पोचला तर बेस चोरला, कॅचरच्या (इथल्या यष्टिरक्षकाच्या) फेकीने पकडला गेला तर चोरताना बाद. बॅटरचे तीन स्ट्राइक (ढोबळमानाने, हुकलेले चेंडू) झाले की तो बाद, तो स्ट्राइकआउट. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेशी पहिल्याचं साम्य आहे, पण इथे प्रत्येक यशस्वी चोरी खेळाडूच्या नावावर जमा होते. अपयश मात्र बराच काळ कोणाच्याच नावावर खर्ची पडत नव्हतं.

कॉब डेट्रॉइट टायगर्सकडून ऑगस्ट १९०५ मध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाकडून शेवटचं खेळला तेव्हा एक्केचाळीसचा. या काळात कागदावरचे रकाने बदलत गेले. बॅटरचे स्ट्राइकआउट अधिकृतपणे लिहायला नॅशनल लीगने १९१० मध्ये सुरुवात केली आणि कॉबच्या अमेरिकन लीगने १९१३ मध्ये. त्यामुळे १९०५ ते १९१२ ही त्याची पहिली आठ वर्षं त्या रकान्यात कोरी आहेत आणि ३५७ हा फक्त १९१३ नंतरचा आकडा आहे. चोरताना बादची नोंद तर आणखी तुटक. कॉबसाठी १९१२, १९१४, १९१५, १९१६ आणि मग १९२० ते १९२८ एवढीच वर्षं आहेत. मधे १९१३ गायब, १९१७ ते १९१९ गायब, आणि सुरुवातीची सात वर्षं पूर्ण गायब.

आधी चोरीचा हिशेब करू.

ज्या तेरा वर्षांचे दोन्ही आकडे आहेत त्यांत कॉबने ३८८ बेस चोरले आणि २१२ वेळा तो पकडला गेला. कोऱ्या अकरा वर्षांत त्याच्या चोऱ्या आहेत ५०९. सरळ त्रैराशिक मांडलं तर ५०९ चोऱ्यांमागे २७८ वेळा बाद. बहुतेक लोक इथे थांबतात. थांबू नका, कारण या तेरा वर्षांत दोन वेगवेगळी माणसं आहेत. १९१२ आणि १९१४ ते १९१६ मध्ये पंचविशी ते तिशीच्या आतला कॉब आहे: २६० चोऱ्या, ११३ वेळा बाद, यश सुमारे ७० टक्के. १९२० ते १९२८ मध्ये तेहतिशी ओलांडलेला कॉब आहे, १९२१ ते १९२६ ही सहा वर्षं तर संघाचा मॅनेजरही: १२८ चोऱ्या, ९९ वेळा बाद, यश ५६ टक्के. मधल्या काळात खेळही बदलला. चेंडू लांब जाऊ लागला, होमरनचं, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर भिरकावण्याचं, वेड आलं, आणि एकेका बेससाठी धोका पत्करण्याचं महत्त्व कमी झालं. शिवाय १९२० पासून, बचाव करणाऱ्या संघाने रनरला अडवायचा प्रयत्नच केला नाही तर ती चोरी धरायची नाही असा नियम आला. म्हणजे त्याआधीच्या चोऱ्यांत काही अगदी फुकट मिळालेल्याही असणार.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. कोऱ्या अकरा वर्षांपैकी एकही १९२० नंतरचं नाही. म्हणून १९२०च्या दशकातले आकडे मी बाजूला ठेवतो आणि फक्त चार वर्षांचं प्रमाण वापरतो: ५०९ गुणिले ११३ भागिले २६०, म्हणजे २२१. नोंदवलेल्या २१२ मध्ये हे मिळवले की ४३३. ८९७ चोऱ्या, ४३३ वेळा बाद, यश ६७ टक्के.

आता हा आकडा कितपत धरायचा? चार वर्षं वेगवेगळी पाहिली तर यशाचं प्रमाण १९१२ मध्ये ६४ टक्के, १९१४ मध्ये ६७, १९१५ मध्ये ७२ आणि १९१६ मध्ये ७४ आहे. सर्वांत वाईट वर्षाचं प्रमाण सगळ्या कोऱ्या वर्षांना लावलं तर २८४ वेळा बाद येतं, सर्वांत चांगल्याचं लावलं तर १८०. कारकिर्दीची बेरीज मग ३९२ ते ४९६, आणि यश ६४ ते ७० टक्के. वर दिलेला पट्टा हाच. अकराही वर्षं सर्वांत वाईट वर्षासारखी जातील हे फारसं संभवत नाही, म्हणून नशिबाच्या चढउतारापुरता हा पट्टा सैलच आहे. पण अठरा-वीस वर्षांचा कॉब मुळातच वेगळा धावत असेल, अधिक वेगवान किंवा अधिक उतावीळ, तर ही चार वर्षं त्याच्याविषयी काही सांगू शकत नाहीत. तेवढ्यासाठी मी पट्टा सैल ठेवतो.

कोणताही अंदाज दुसऱ्याला दाखवायच्या आधी मी एक परीक्षा घेतो. जे माहीत आहे तेच झाकून ठेवायचं आणि आपली रीत ते ओळखते का बघायचं. १९१५ झाकलं आणि उरलेल्या तीन वर्षांवरून काढलं तर ४४ येतात, प्रत्यक्षात ३८. १९१४ साठी १५ येतात, प्रत्यक्षात १७. १९१६ साठी ३१ ते ३२, प्रत्यक्षात २४. आणि १९१२ साठी २४ येतात, प्रत्यक्षात चक्क ३४. म्हणजे एकेका वर्षासाठी ही रीत दोनापासून दहापर्यंत चुकते. म्हणून १९०९ मध्ये कॉब नेमका ३३ वेळा पकडला गेला असं कोणी लिहिलं, तर त्यातल्या दुसऱ्या तीनवर माझा विश्वास नाही. अकरा वर्षांच्या बेरजेत चुका थोड्याफार एकमेकींना खातात, म्हणून बेरीज जास्त भरवशाची. वर्षवार फोड करून मागणाऱ्याला मी सहसा नकार देतो.

१९१५ चे ते ३८ जरा थांबून बघण्यासारखे आहेत. त्या वर्षी कॉबने ९६ बेस चोरले, आणि विसाव्या शतकातला तो विक्रम मॉरी विल्सने १९६२ मध्ये १०४ करेपर्यंत टिकला. विल्स त्या वर्षी १३ वेळाच बाद झाला. ९६ आणि १०४ शेजारी ठेवले की दोघं एकाच जातीचे वाटतात. ३८ आणि १३ शेजारी ठेवले की दोन वेगळे खेळ दिसतात. कॉबने चोरलेला होम बेस, एकूण ५४ वेळा, संशोधकांनी एकेक करून शोधून काढला आहे. होमवर तो किती वेळा बाद झाला हे तेवढ्या प्रेमाने कोणी मोजलेलं नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यात यश येतं, अपयश मजकुरात कुठेतरी दबून जातं. जुन्या आकड्यांतल्या रिकाम्या जागा अशाच असतात: त्या योगायोगाने रिकाम्या राहिलेल्या नसतात.

प्रमाणावरून काढलेल्या अंदाजाला दुसरा आधार बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे वर्तमानपत्रात छापलेल्या सामन्याच्या गुणफलकातून, मिळतो. हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात शाळेतल्या ताळ्याची मजा आहे. जुन्या बॉक्स स्कोअरमध्ये चोरताना बादचा रकाना नसतो, पण तो कुठे लपला आहे ते काढता येतं. माणूस बेसवर मुख्यतः चार वाटांनी येतो: हिट (फटका मारून गाठलेला बेस), वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), अंगाला लागलेला चेंडू, किंवा क्षेत्ररक्षकाची चूक. आलेला प्रत्येक जण तीनांपैकी एका ठिकाणी संपतो. त्याची धाव होते, डाव संपताना तो बेसवर अडकतो, किंवा बेसवर बाद होतो. फोर्स आउटमध्ये एक जातो आणि दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, त्यामुळे बेरीज बिघडत नाही. समजा एखाद्या सामन्यात ९ हिट, ३ वॉक, १ अंगाला लागलेला आणि १ चूक, म्हणजे १४ जण आले. धावा ५, अडकलेले ६. मग ३ जण बेसवर मेले. बॉक्स स्कोअरमध्ये एक डबल प्ले (एकाच फटक्यावर बॅटर आणि रनर दोघं बाद) लिहिलेला आहे, तो वजा केला. उरले २. हे दोघं एकतर चोरताना गेले, किंवा पिचरने बेसवरच टिपले, किंवा एकाच्या जागी दोन बेस घ्यायच्या हव्यासात गेले.

यात एक काटा आहे. बॉक्स स्कोअरमधल्या प्रत्येक चुकीने माणूस बेसवर आलेला नसतो. काही चुका आधीच बेसवर असलेल्याला फक्त पुढे सरकवतात. सगळ्या चुका धरल्या तर बेसवर मेलेल्यांची संख्या फुगते. म्हणून हा ताळा नेमका आकडा देत नाही, वरची मर्यादा देतो. पण वरची मर्यादाही फार कामाची असते. ज्या सामन्यात डेट्रॉइटचा कोणीच बेसवर मेला नाही, त्या सामन्यात कॉब पकडला गेला नाही हे जवळजवळ पक्कं. असे सामने बाजूला काढले की ढीग बराच लहान होतो, आणि उरलेल्या सामन्यांची वर्णनं जुन्या वर्तमानपत्रांत शोधणं माणसाच्या आवाक्यात येतं.

आता स्ट्राइकआउट. इथे मी दोनदा फसलो, आणि दोन्ही वेळा शिकलो.

१९१३ ते १९२८ मध्ये कॉबचे ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) आणि वॉक मिळून ८४८० होतात (अंगाला लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस मी सोयीसाठी सोडले आहेत), आणि स्ट्राइकआउट ३५७. म्हणजे ४.२ टक्के. पहिल्या आठ वर्षांत त्याच पद्धतीने ४२०३ होतात. गुणाकार केला तर १७७ स्ट्राइकआउट. ही पहिली फसगत, चोरीच्या हिशेबातल्या २७८ सारखीच. मग शहाणा होऊन मी फक्त जवळची वर्षं घेतली: १९१३ ते १९१९ मध्ये ३८३५ पैकी २१२ स्ट्राइकआउट, ५.५ टक्के. त्यावरून २३२ आले. चोरीच्या वेळी वापरलेली तीच रीत, म्हणून मी निर्धास्त होतो.

ती इथे लंगडी पडते, आणि का पडते हे तक्त्याकडे नीट बघितलं की दिसतं. १९२० ते १९२८ मध्ये कॉबचं प्रमाण ३.१ टक्के आहे. १९२६ मध्ये तर २३३ ॲट-बॅटमध्ये फक्त २ स्ट्राइकआउट. म्हणजे माणूस वयानुसार सतत सुधारत होता. ५.५ वरून ३.१ वर येणाऱ्या उताराचं वरचं टोक कुठे असेल? १९१६ च्या आसपास ५.५ आणि १९२४ च्या आसपास ३.१, म्हणजे दर वर्षी साधारण ०.३ ची घट. ती रेघ मागे १९०९ पर्यंत ओढली की ७.६ टक्के येतात, आणि स्ट्राइकआउट ३२० च्या घरात. ३५७ मध्ये मिळवले की ६७७.

पुढे संशोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांतली चेंडूगणिक वर्णनं आणि बॉक्स स्कोअर चाळून ती कोरी वर्षं भरली. आज बेसबॉलच्या नेहमीच्या संदर्भस्थळांपैकी काहींवर कॉबचे स्ट्राइकआउट सुमारे ६८० दिसतात, तर काहींवर अजूनही ते ३५७ च आहेत. तुम्हाला दोन ठिकाणी दोन आकडे दिसले असतील तर कारण हे.

६७७ आणि ६८०. जमलं म्हणून मी पाठ थोपटून घेत नाही. दोन बिंदूंमधून ओढलेली रेघ सात वर्षं मागे नेणं हा अंदाजपंचे दाहोदर्सेचाच प्रकार आहे. ती रेघ आणखी मागे नेली तर शाळकरी कॉब प्रत्येक नवव्या-दहाव्या वेळी स्ट्राइकआउट व्हायचा असं काहीतरी निघेल. इथे ती चालली कारण नवखा पोरगा जास्त चुकतो हे तिच्याशिवायही आपल्याला माहीत होतं. चोरीच्या हिशेबात अशी रेघ मी मुद्दाम ओढली नाही. तिथे वय दोन्हीकडे ओढतं: तरुण पाय वेगवान असतात, पण तरुण डोकं कुठे थांबायचं ते जाणत नाही. त्यातलं कोण जिंकलं हे आकडे सांगत नाहीत तोवर मी सपाट प्रमाणावरच राहतो.

स्ट्राइकआउटसाठी आणखी एक पक्की खुंटी आहे, तीही सांगून ठेवतो. बॅटरचे स्ट्राइकआउट लिहीत नसत, पण पिचरचे लिहीत. बॉक्स स्कोअरच्या तळाशी कुठल्या पिचरने किती जणांना स्ट्राइकआउट केलं ती ओळ असते. म्हणजे वॉल्टर जॉन्सनने त्या दिवशी डेट्रॉइटच्या सहा जणांना बाद केलं हे माहीत आहे. ते सहा कोण हेच माहीत नाही. नऊ-दहा बॅटरांमध्ये सहा वाटायचे आहेत आणि बेरीज सहाच यायला हवी. संपूर्ण हंगामासाठी असं केलं की संघाची बेरीज घट्ट बसते आणि एकट्या कॉबचा अंदाज वाटेल तसा भरकटू शकत नाही. दर सामन्यात प्रत्येकाला त्याच्या नंतरच्या ज्ञात प्रमाणानुसार वाटा द्या, बेरजेशी जुळवा, हंगामाच्या शेवटी परत तपासा, पुन्हा जुळवा. आकडे हलायचे थांबले की तुम्हीही थांबा. ज्या सामन्यात समोरच्या पिचरांचे स्ट्राइकआउट शून्य, तिथे कॉबचाही शून्य. हे खरं शून्य, माझ्या एक्सेलमधलं नव्हे.

इथे कोणीतरी म्हणेल की अंदाजाचं एक वेळ सोडा, निदान नोंदवलेले आकडे तरी पक्के आहेत ना. कॉबच्या हिटची गोष्ट ऐका. वर्षानुवर्षं ४१९१ हा आकडा लोकांना तोंडपाठ होता. १९१० मध्ये अमेरिकन लीगच्या फलंदाजीच्या सरासरीसाठी (हिट भागिले ॲट-बॅट) कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजोई यांच्यात चुरस होती, आणि विजेत्याला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती. कॉब बहुतेकांना आवडत नसे. शेवटच्या दिवशी सेंट लुइसच्या संघाने आपला तिसऱ्या बेसवरचा पोरगा इतका मागे उभा केला की लाजोईने दोन सामन्यांत आठ हिट काढले, त्यातले बहुतेक हळूच टेकवलेले बंट. तरी लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी किंचित फरकाने कॉबला विजेता ठरवलं, आणि कंपनीने शहाणपणा करून दोघांनाही मोटारी दिल्या. सत्तर वर्षांनी आकडेशास्त्री पीट पामर यांना जुन्या वहीत दिसलं की कॉबचा एक सामना, तीन ॲट-बॅटमध्ये दोन हिट, दोनदा चढवला गेला होता. तो काढला की १९१० मध्ये लाजोई पुढे जातो आणि कारकिर्दीचे हिट ४१८९ होतात. हे १९८१ मध्ये छापून आलं. तेव्हाचे कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे प्रमुख, बोवी कून यांनी जुना निकाल बदलायला नकार दिला.

मग १९८५ मध्ये पीट रोझने ११ सप्टेंबरला सिनसिनाटीत ४१९२ वा हिट मारला आणि घरचं मैदान डोक्यावर घेतलं गेलं. ४१८९ धरले तर तो कॉबच्या पुढे तीन दिवस आधीच, ८ तारखेला शिकागोत, गेला होता, आणि तो जल्लोष चुकीच्या गावात झाला. कॉबची सरासरीही याच कारणाने कुठे ०.३६७ दिसते तर कुठे ०.३६६. आणि ८९७ चोऱ्या? काही जुन्या नोंदींत त्या ८९२ आहेत. तेव्हा नोंदलेला आकडा आणि अंदाज यांत फरक आहेच, पण पहिल्यालाही थोडी धूळ असते.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जॉश गिब्सनचंही विचारलं आहे, की हीच रीत वापरून त्याचे ८०० होमरन सिद्ध करता येतील का. नाही येणार, आणि कारण सांगायला हवं. गिब्सन निग्रो लीग्जमध्ये खेळला, कारण त्याच्या रंगाच्या माणसाला तेव्हा मेजर लीगचं (अमेरिकन आणि नॅशनल या मोठ्या लीग्जचं) दार बंद होतं. जानेवारी १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडण्याच्या तीन महिने आधी, तो पस्तिसाव्या वर्षी वारला. १९७२ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची जी पाटी लागली तिच्यावर जवळजवळ ८०० होमरन असं लिहिलं आहे, पण त्यात लीगचे आणि लीगबाहेरचे, गावोगाव फिरून खेळलेले, असे सगळे सामने आले. २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग्जचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. त्यात गिब्सनचे होमरन पावणेदोनशेच्या आसपास आहेत, आणि त्याची सरासरी ०.३७२. म्हणजे आपल्या टाय कॉबला त्याने शंभर वर्षांच्या गादीवरून उतरवलं.

८०० आणि पावणेदोनशे यांत खोटं कोणीच बोलत नाही. पाटी ऐकीव बेरीज सांगते, नोंदवही फक्त कागद मिळालेले लीग सामने मोजते. त्या लीग्जचा हंगाम मुळात छोटा, साठ-ऐंशी सामन्यांचा, आणि अधिकृत नोंद झाली तेव्हा त्या काळातल्या सुमारे तीन-चतुर्थांश सामन्यांचेच कागद हाती होते. उरलेला चौथा हिस्सा त्रैराशिकाने भरावा असा मोह होतो. पण कॉबचा कोरा रकाना आणि गिब्सनचा हरवलेला सामना यांत फार अंतर आहे. कॉबच्या बाबतीत सामना माहीत आहे, समोरचा पिचर माहीत आहे, ॲट-बॅट माहीत आहेत. फक्त एक रकाना नाही. गिब्सनच्या बाबतीत कधी कधी सामना झाला का, हेच नक्की नाही. शिवाय ज्या सामन्याचा बॉक्स स्कोअर छापला गेला नाही त्याचीही बातमी पिट्सबर्ग कुरियरसारख्या साप्ताहिकात दोन ओळींत यायची, आणि त्या दोन ओळींत काय असणार? गिब्सनने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला हेच. होमरन न मारलेल्या दिवसाची दोन ओळींची बातमी कोण छापतो? अशा तुकड्यांवरून प्रमाण काढलं तर ते वरच्याच बाजूला झुकणार. गिब्सनसाठी माझं उत्तर म्हणून सरळ आहे: मोजलेलं मोजा, उरलेलं कोरं ठेवा, आणि त्याची तुलना बेरजांवर करू नका, प्रमाणांवर करा. त्याचा ०.७१८ हा स्लगिंगचा आकडा (दर ॲट-बॅटमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) दिग्गज बेब रूथच्या ०.६९० च्या वर आहे, आणि त्याला एकाही हरवलेल्या सामन्याची मदत लागत नाही.

आता तुमच्या तक्त्याचं. कॉबच्या ओळीत चोरताना बादच्या रकान्यात ४३३ लिहू नका. तिथे २१२ च ठेवा आणि शेजारी '१३ हंगाम' असं लिहा. अंदाजासाठी वेगळा रकाना करा, त्यात ३९२ ते ४९६ असा पट्टा टाका, आणि कुठल्या वर्षांवरून काढला तेही लिहा. मी हे कटकटीचं काम दुसऱ्यांवर लादतो असं घरचे म्हणतात, पण एकदा का ४३३ हा आकडा २१२ च्या जागी बसला की तिसरा माणूस तो उचलतो, चौथा त्याची टक्केवारी काढतो, आणि दहा वर्षांनी कोणीतरी मलाच तो दाखवून विचारतो की हा अधिकृत आहे ना. रिकाम्या वर्षांच्या घरांत आडवी रेघ टाका. एक्सेल सरासरी काढताना मजकूर असलेली घरं आपणहून वगळतं. शून्य मात्र ते प्रामाणिकपणे मोजतं.